चौघांना एक खोली द्या

प्रति,
मुंबईतल्या विद्यापीठांचे संगीत विभागप्रमुख आणि संगीत अभ्यास मंडळांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी याच शहरातल्या एका विद्यापीठाच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. विषय लिहिला होता, ‘चेंबर म्युझिकच्या सरावासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी खोली मिळणेबाबत’. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी, कंडक्टरशिवाय, एका खोलीत मिळून वाजवायचं पाश्चात्य संगीत. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, “काका, ड्रेनेजचं इथे नाही. खाली मेंटेनन्सला द्या.” मला राग आला नाही. मुंबईत चेंबर हा शब्द तुंबण्यापुरताच वापरतात. आमच्या चाळीच्या फळ्यावरही तो दर जूनमध्ये येतो.

पुढे तो अर्ज तीन टेबलं फिरला. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांना गाण्याची आवड दिसली. त्यांनी विचारलं, “विद्यार्थी किती?” मी म्हटलं, “चार.” “चार डझन?” “नाही हो, चार जण.” त्यांनी पेन खाली ठेवलं. विसाच्या खाली बॅच धरत नाहीत, चौघांसाठी खोली उघडली तर दिव्या-पंख्याचा खर्च कुठे दाखवायचा, हे त्यांनी फार सौजन्याने समजावलं. चहा पाजला. अर्ज अजून तिथेच असावा.

त्या अर्जाचं रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाही. पण साहेबांच्या त्या एका प्रश्नात सगळं आलं. चारच माणसं असणं हाच या विषयाचा प्राण आहे, आणि चारच असल्यामुळे तो आपल्या कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.

थोडं माझ्याविषयी. मी व्हायोला वाजवतो. व्हायोलिनसारखंच दिसणारं, अंगाने थोडं मोठं, आवाजाने खालचं वाद्य. व्हायोलिनच्या तारा जी-डी-ए-ई अशा, तर याच्या सी-जी-डी-ए. धोबी तलावच्या एका गोवेकर सरांनी मला शिकवलं, गोवेकरांच्या कुडीतल्या, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिगृहातल्या, सामायिक खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेवर बसवून. १९७९ साली पहिल्यांदा ताडदेवला रेकॉर्डिंगच्या शिफ्टला बसलो आणि पुढची पंचवीसेक वर्षं सिनेमाच्या स्ट्रिंग्ज सेक्शनमध्ये काढली. कधी चाळीस व्हायोलिनं, कधी त्याहून जास्त. नोटेशन हातात पडायचं, एकदा वाचायचं, दुसऱ्यांदा बोइंग, म्हणजे गज कुठे वर कुठे खाली ते, लावून घ्यायचं आणि तिसऱ्यांदा टेक. वाचनाचा तो सराव मला दुसरीकडे कुठेच मिळाला नसता. त्या सेक्शनचे माझ्यावर उपकार आहेत.

आता एक कबुली देतो. एवढ्या वर्षांत मी शेजारच्याचं वाजवणं कधी कान देऊन ऐकलं नाही. गरजच नव्हती. सगळ्यांचे डोळे कंडक्टरच्या हातावर. एखादी जागा बोटांत बसली नसेल तर गज सगळ्यांबरोबर हलवायचा, तारेला जेमतेम लावायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा गर्दीत सामील व्हायचं. आमच्या तिसऱ्या रांगेत ही विद्या सगळ्यांना येत होती. रेकॉर्डवर आजही ती गाणी भरलेली, गोड वाजतात. त्यात माझे किती सूर आहेत हे फक्त मला ठाऊक.

पहिल्यांदा क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या मेळात, बसलो तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. दोन व्हायोलिनं, मी आणि एक चेलो (त्याच घराण्यातलं, बसून गुडघ्यांत धरायचं मोठं वाद्य). सिनेमातलं काम कमी झालं होतं म्हणून जमलो, हौस म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला. समोर हात हलवणारा कुणी नाही. माझ्या ओळीत फक्त मीच. मी थांबलो की ती ओळ थांबते आणि तिच्यावर उभी असलेली बाकीची तिघं खाली येतात. सुरुवात कुठून करायची, तर पहिल्या व्हायोलिनवाल्याने नाकाने घेतलेल्या श्वासावरून. शेवट कधी करायचा, तर चौघांचे गज एकदम तारेवरून उठतील तेव्हा. मैफिलीत समेवर मान हलते ना, ती इथे प्रत्येक मात्रेला कुठे ना कुठे हलत असते.

हे मला विसाव्या वर्षी शिकायला मिळालं असतं तर मी वेगळा वादक झालो असतो. म्हणून तुम्हाला लिहितोय.

सध्या दर रविवारी माझ्या गिरगावातल्या खोलीत तिघं येतात. पहिलं व्हायोलिन वाजवणारी पार्ल्याची, कॉमर्सला. दुसरं व्हायोलिन वसईच्या मुलाकडे, तो चर्चमध्ये वाजवत मोठा झाला. चेलोवाली डोंबिवलीची. तिघं एकोणीस-वीस वर्षांची. व्हायोला मी, कारण व्हायोला कुणी शिकतच नाही. आईबापांना मुलगा व्हायोलिन वाजवतो हे सांगायचं असतं, ‘व्हायोला’ म्हटलं की समोरच्याला वाटतं उच्चार चुकला. खरं तर थोर पाश्चात्य संगीतकारांचंच पाहा. मोझार्टला क्वार्टेटमध्ये व्हायोलाच वाजवायला आवडायचं. शुबर्ट घरच्या क्वार्टेटमध्ये व्हायोलावर, वडील चेलोवर आणि दोन भाऊ व्हायोलिनवर. बेटोफेन बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा, द्वोर्झाक प्रागच्या नाटकघरात. ज्यांना लिहायचं होतं ते सगळे मधोमध बसले होते, जिथून चारही बाजूंचं ऐकू येतं. (व्हायोलावाल्याला ही यादी तोंडपाठ असतेच. सांगायला कुणी मिळत नाही, एवढंच.)

सध्या आम्ही हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचं ओपस ७६ (म्हणजे ७६ क्रमांकाचा रचनासंच) मधलं तिसरं क्वार्टेट घेतलंय, त्यातला संथ भाग. १७९७ साली हायडनने ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी एक गीत रचलं, त्याचीच चाल इथे घेतली आहे. आज तीच चाल जर्मनीच्या राष्ट्रगीताला आहे. शिकवायला याहून चांगली रचना मला माहीत नाही. चाल जशीच्या तशी राहते, ती फक्त हात बदलते. आधी पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, मग चेलो, मग व्हायोला आणि शेवटी पुन्हा पहिलं. प्रत्येकाला एकदा गाणं मिळतं आणि बाकीचा सगळा वेळ दुसऱ्याच्या गाण्याला साथ करावी लागते. आपल्याकडे साथीदार वेगळा आणि गायक वेगळा, सहसा जन्मभर. इथे दर दोन मिनिटांनी भूमिका फिरते.

दुसऱ्या व्हायोलिनची पाळी आली तेव्हा वसईच्या मुलाचं आणि पार्लेकरणीचं वाजलं. त्या तुकड्यात फक्त ती दोघंच वाजवतात. तो चाल म्हणतो आणि ती त्याच्या भोवती बारीक नक्षी काढते. तिला हातात तयारी भरपूर, त्यामुळे नक्षीच मोठी व्हायची. तो बिचारा आणखी दाबून वाजवायचा. दोन रविवार हेच चाललं. तिसऱ्या रविवारी मी तिला म्हटलं, गज खाली ठेव आणि तो वाजवतोय ती चाल गुणगुणत राहा. मग वाजव. बस्स. पुढच्या खेपेला तिचा गज आपोआप हलका झाला. मी काही शिकवलं नाही, ती फक्त त्याच्याबरोबर गायली होती.

आता गंधाराची गोष्ट, जी तुमच्यापैकी हिंदुस्थानी संगीताच्या लोकांनी जरूर ऐकावी. हा संथ भाग जी मेजरमध्ये आहे, म्हणजे जी हा त्याचा षड्ज आणि बी हा गंधार. जी, बी, डी हे तीन स्वर एकत्र लांबले की आमचा कॉर्ड खरखरायचा. प्रत्येकाच्या फोनवरचा ट्यूनर म्हणायचा, तुझा स्वर बरोबर. चौघंही बरोबर आणि तरी आवाज अंगावर येतोय. शेवटी मी भिंतीवरचा तानपुरा काढला, बायकोचा, ती गायची. पांढरी पाचला लावला, म्हणजे त्यांच्या भाषेत जी. खर्जाची तार छेडत राहिलो आणि मुलांना म्हटलं, गप्प बसा. दोनेक मिनिटांनी डोंबिवलीची मुलगी हळूच म्हणाली, “काका, यात बी ऐकू येतोय. पण कुणी वाजवत नाहीये.”

तोच स्वयंभू गंधार. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, आणि तारेतून आपण होऊन उमटणारा ३८६ वर. चौदा सेंटचं अंतर, म्हणजे बोट कूस बदलेल एवढंच. पण चौघांच्या कॉर्डमध्ये ते चौदा सेंट म्हणजे खडा आणि साखर एवढा फरक. ज्याच्या हातात बी होता त्याने बोट किंचित मागे घेतलं आणि खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली, आवाज चालू असूनही. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, आता काय वेगळं लावलंत?

यात मेख अशी की तोच स्वर चालीत आला की वाजवणाऱ्याला तो थोडा चढाच हवासा वाटतो. मग कॉर्डवाला आणि चालवाला यांच्यात वाटाघाट. ही वाटाघाट म्हणजेच क्वार्टेट, आणि ती करायला तानपुऱ्याशी बसलेला कान लागतो. तुमच्या विभागांत असे कान रोज सकाळी तयार होतात. एका खोलीत तानपुरे, चार पावलांवरच्या खोलीत व्हायोलिनं आणि मधलं दार कुलूपबंद, असं कशाला? ‘हे पाश्चात्यांचं, आपल्या परंपरेत याचं काय काम’ हा आक्षेप मी बराच ऐकला आहे. व्हायोलिन परदेशातूनच आलं ना? याच गिरगावात १९११ साली जन्मलेल्या गजाननराव जोशींनी ते ख्यालाच्या मांडीवर बसवलं, पुढे व्ही. जी. जोग आणि डी. के. दातारांनी ते जगभर नेलं. वाद्याला कुणी पासपोर्ट विचारला नाही. मग एकत्र वाजवण्याच्या रीतीलाच का विचारता?

मी पाहिलेल्या बहुतेक परीक्षांत, मग त्या विशारदच्या असोत की परदेशी मंडळांच्या आठ ग्रेडच्या, विद्यार्थी एकटा आत जातो आणि एकटा बाहेर येतो. बरोबर तबलजी किंवा पियानोवाला असतो, तो मोठा माणूस, सांभाळून घेणारा. सांभाळून घ्यायला कुणी शिकवत नाही. आठवी ग्रेड झालेली मुलं माझ्याकडे येतात, अवघड कन्चेर्टो (एकट्या वादकाला पुढे ठेवणारी मोठी रचना) खडखडीत वाजवतात आणि चार मात्रा थांबून बरोबर जागी आत यायला सांगितलं की चुकतात. थांबणं त्यांना कुणी मोजायला लावलेलंच नसतं.

तर माझं मागणं. क्वार्टेट हा छंद किंवा ‘उपक्रम’ म्हणून ठेवू नका. श्रेयांक असलेला प्रात्यक्षिक विषय करा. नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे ३० तास. दोन क्रेडिट दिलेत तर ६० तास होतात, पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार. त्यातला एक तास गुरू बसेल, उरलेले तीन तास चौघांनी आपापलं भांडायचं. शिकवणाऱ्याचा पगार एका तासाचा आणि शिकणं चार तासांचं, एवढा स्वस्त विषय तुमच्या अभ्यासक्रमात दुसरा नसेल. ती बॅचच्या विसांची अट मात्र काढावी लागेल. वीस जणांचं क्वार्टेट होत नाही, त्यांची पाच क्वार्टेटं होतात. हवं तर वेळापत्रकात तसं दाखवा, पाच खोल्या.

आणि चौघं बदलू नका. निदान दोन सत्रं तेच चार. पहिले दोन महिने सभ्यपणात जातात, खरं काम त्यानंतर सुरू होतं, जेव्हा दुसरा व्हायोलिनवाला पहिल्याला तोंडावर सांगतो की तू घाई करतोस.

परीक्षा कशी घ्यायची, असं तुम्ही विचाराल, गुण एकेकाला कसे द्यायचे? सोपं आहे. मध्येच थांबवा आणि चेलोवालीला सांगा, आता दुसऱ्या व्हायोलिनची ओळ गाऊन दाखव. जिला येईल तिला गुण. मग चौघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि त्याच जागेपासून पुन्हा सुरू करायला सांगा. एकमेकांचा चेहरा न दिसता ज्यांचा पहिला सूर एकत्र पडतो, त्यांनी तालीम केलेली असते. यात कॉपी करता येत नाही. केली तर तोच अभ्यास.

खोलीविषयी. भव्य सभागृह नको. फोर्टातलं ते दीक्षान्त समारंभाचं सभागृह फार देखणं आहे, पण तिथे दोन व्हायोलिनांमधलं बारीक बोलणं छताकडे निघून जाईल. साधा, उंच छताचा, दार नीट लागणारा वर्ग पुरे. बिनहाताच्या चार खुर्च्या द्या, हाताच्या खुर्चीत चेलो बसत नाही आणि व्हायोलिनवाल्याचं कोपर आपटतं. पंख्याचं बटण खोलीच्या आत असू द्या. हसू नका, पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की हनुवटीखालचा रुमाल भिजतो. आमच्याकडे कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, प्रत्येक स्टँडला चार.

आणि एक कुलपाचं कपाट. जुलैत गजाचे केस ओलीने सैल पडतात, खुंट्या फुगून फिरत नाहीत. त्याच वाद्याला एसीच्या कोरड्या खोलीत नेलं की खुंट्या सटकतात आणि कधी बाजूचा सांधाच सुटतो. दिवसातून दोनदा असा झटका बसला की चांगलं लाकूडही टिकत नाही. म्हणून एसी द्या किंवा नका देऊ, पण वाद्य एकाच हवेत राहू द्या.

चेलो तर विभागाचाच हवा. डोंबिवलीची मुलगी तिचा चेलो घेऊन दादरला गाडी बदलून चर्नी रोडला येते. लेडीज डब्यात तो घेऊन चढली तर बाकीच्या बायका ओरडतात, आणि त्यांचंही खरंच आहे, एक चेलो दोन माणसांची जागा खातो. म्हणून ती मालडब्यात चढते. एकदा परतताना रिकाम्या पाट्या घेऊन घरी निघालेल्या मावश्या होत्या. एकीने विचारलं, “यात काय गं, मानूस हाय काय?” हिने सांगितलं, वाद्य आहे. मग ठाण्यापर्यंत त्या बाईने स्वतःची पाटी पायाशी घेऊन तो चेलो एका हाताने भिंतीशी दाबून धरला, हिला दाराशी उभं राहू दिलं नाही. चेलोच्या पेटीला खालून अजून बोंबलाचा वास येतो. मुलगी तो पुसत नाही. पण दर आठवड्याला अशी मावशी भेटेलच असं नाही. मुलीकडे घरी एक आणि विभागात एक, अशी सोय झाली तर ती फक्त गज घेऊन येईल. व्हायोलाही दोन ठेवा. वाद्य समोर असलं तर चार व्हायोलिनवाल्यांतला एक तरी उचलून पाहील. मग सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला पोरांमध्ये बसायला नको.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठच कशाला, हौशी मंडळी करतीलच की. करतात, आणि माणूस गेला की संपतं. याच मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्यांचा मुलगा झुबिन त्या तालमी ऐकत वाढला, पुढे कंडक्टर म्हणून जगभर नावाजला. मेहली मेहता पुढे परदेशी गेले, मँचेस्टरच्या वाद्यवृंदात वाजवलं, फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनवर बसले. इथली ती खुर्ची मात्र कुठल्या संस्थेची नव्हती, त्यांची स्वतःची होती.

आता दुसरीकडचं पाहा. १९४० च्या मे महिन्यात ब्रुसेल्सचं प्रो आर्ते क्वार्टेट अमेरिकेत, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेटोफेन वाजवायला आलं होतं. त्याच दिवसांत जर्मनीने बेल्जियमवर हल्ला केला. परतायला घर उरलं नाही. विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलं, इथेच राहा आणि शिकवा म्हणून. आज त्या मूळच्या चौघांतलं कुणी नाही, माणसं कितीदा तरी बदलली, पण क्वार्टेट त्याच नावाने त्याच विद्यापीठात आहे. उलट लंडनचं अमाडेयस क्वार्टेट घ्या. चाळीस वर्षं तेच चौघं. १९८७ मध्ये व्हायोलावाला वारला आणि बाकीच्या तिघांनी थांबायचं ठरवलं. मला दुसरी गोष्ट जास्त भिडते, वयामुळे असेल. पण तुम्ही पहिली करू शकता.

नोकरीचं विचारणारच. आजच्या स्टुडिओत चाळीस व्हायोलिनं बोलावत नाहीत. चार-सहा जणांना बोलावतात आणि त्यांच्याकडूनच पुन्हा पुन्हा वाजवून घेऊन थर चढवतात. म्हणजे धंद्याचं मापच आता क्वार्टेटचं झालंय. अशा ठिकाणी माझी ती गज हलवण्याची विद्या चालत नाही, माइक तोंडाशी असतो. हॉटेलांतल्या लग्नांतही चौघांना मागणी आहे, वरमाला पडताना. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यात बरेच वादक बाहेरून, विशेषतः कझाकस्तानातून आणावे लागले. त्यांनी आणले म्हणून आपल्याला इथे बसून माहलरचं संगीत ऐकायला मिळालं, मी तर आभारी आहे. पण त्या खुर्च्यांवर बसतील अशी मुलं तयार करणं हे त्यांच्या एकट्याचं काम नव्हे, तुमचंही आहे.

कार्यक्रमांविषयी एकच विनंती, वार्षिक स्नेहसंमेलनात आम्हाला उभं करू नका. एकदा अशाच एका कार्यक्रमात साउंडवाल्याने चौघांना चार माइक लावले आणि विचारलं, “मेन कोण? त्याचा व्हॉल्यूम वर ठेवतो.” मी म्हटलं, दर दोन मिनिटांनी बदलतो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि पहिल्या व्हायोलिनचा आवाज वर ठेवून जेवायला गेला. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वाचनालयात, होस्टेलच्या मेसमध्ये, कुठल्याही वर्गात, माइकशिवाय, चाळीस मिनिटं. ऐकायला तीस माणसं आली तरी खूप. व्हिएन्नात एकदा हायडन, मोझार्ट, दितर्सडोर्फ आणि वानहाल असे चौघे संगीतकार एका घरी क्वार्टेट वाजवायला बसले होते. ऐकणाऱ्यांत एक गायक होता, त्याने नंतर आठवणींत लिहून ठेवलं की वादक म्हणून कुणीच फार थोर नव्हतं, वाजलं बऱ्यापैकी. इतक्या बेताच्या कौतुकावरही त्यांचं चाललं, आमच्या मुलांचंही चालेल.

रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही या खोलीत सोडा. संगणकाला काहीही लिहून द्या, तो वाजवतो. हाडामांसाचा चेलोवाला मात्र सांगतो, ही उडी बोटांना जमत नाही, दुसरी दे. एवढं ऐकलं तरी पोरगं लिहायला शिकेल.

या पत्राची प्रत मी त्या खिडकीतल्या बाईंनाही देणार आहे. ‘चेंबर’च्या पुढे कंसात ‘गटाराचे नव्हे’ असं लिहून.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता आम्ही हायडनचा तो तुकडा घेणार आहोत ज्यात चाल व्हायोलाकडे येते. दोन महिने मुलं या दिवसाची वाट बघताहेत, काका कसे वाजवतात ते ऐकायला, आणि मी रोज पहाटे उठून तो तुकडा घासतोय. तुमच्यापैकी कुणी आलात तर बरं वाटेल. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणतो. चेलो शनिवारी रात्रीच येऊन पडेल. मध्य रेल्वेने येणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा.

आपला नम्र,
एक निवृत्त व्हायोलावादक
गिरगाव, मुंबई